खतगाडीवाले दिलावरमामू

चाकं असलेली कुठलीही वस्तू दिसली की दिलावरमामू आधी तिच्या पुढे जाऊन उभे राहायचे, तिच्याकडे पाठ करायचे, हात मागे नेऊन ती धरायचे आणि चार पावलं ओढून बघायचे. मग ती चाऱ्याची ढकलगाडी असो, इस्पितळातलं स्ट्रेचर असो, नाहीतर सुपरमार्केटमधली ट्रॉली. साठीला टेकलेला, पांढऱ्या दाढीचा माणूस भर गर्दीत भाजीची ट्रॉली घोड्यासारखी ओढत चाललाय, हे दृश्य मी स्वतः पाहिलं आहे. लाजेनं मी दोन पावलं मागे राहिले होते. "ढकलून काय कळतंय?" ते मागे वळून म्हणाले. "हिचं डावं चाक धरतंय बघ."

मी नाशिकची, जनावरांची डॉक्टर. नवऱ्याची नोकरी रियाधला लागली म्हणून इकडे आले आणि अल खर्जच्या रस्त्यावरच्या एका घोड्यांच्या फार्मवर रुजू झाले. साठेक घोडे, खजुराची बाग, लसूणघासाची हिरवी शेतं आणि या सगळ्याच्या मागे लिदीचा एक ढीग. मी आले तेव्हा तो तबेल्याच्या छपराला भिडला होता. आतून तापून तो धुमसायचा, उन्हाळ्यात त्यातून धूर निघायचा, आणि माशांनी घोड्यांचे डोळे चिघळायचे. औषध घालून मी थकले. शेवटी बलदियाची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची नोटीस आली: ढीग हलवा, नाहीतर घोडे कमी करा. फार्मचे मालक अबू नासेर यांनी विकायच्या घोड्यांची यादी करायला घेतली. यादीत पहिलं नाव होतं शहबाचं. करड्या रंगाची, अठरा वर्षांची, आता पिल्लं न होणारी घोडी. तिला कोण कशासाठी घेईल हे मला ठाऊक होतं, म्हणून मी विचारलं नाही.

माझं म्हणणं साधं होतं. लीद कुजवा आणि बागेतच पसरा. पण पसरणार कशी? ट्रॅक्टर खजुराच्या ओळींत शिरला की ठिबकच्या नळ्या तुडवायचा, आणि त्याच्या आवाजानं शेजारच्या गाभण घोड्या बिथरायच्या. दोनदा करून बघितलं आणि सोडून दिलं.

त्याच सुमारास अबू नासेरांनी परदेशातल्या कुठल्याशा लिलावात एक जुनी घोड्याची खतगाडी विकत घेतली. कामासाठी नाही, शोभेसाठी. फाटकाशी उभी करून तिच्यात फुलझाडं लावायची होती. गाडी कंटेनरमधून आली आणि रंगवायला अल सुलैच्या एका फॅब्रिकेशन यार्डात गेली. चार दिवसांनी यार्डातून फोन आला. फार्मचा मॅनेजर इजिप्तचा, त्याला हिंदी येत नव्हती, म्हणून फोन माझ्याकडे आला.

"मॅडम, ये गाडी को रंग नहीं मांगता," पलीकडचा माणूस म्हणाला, "ये गाडी को घोडा मांगता."

ती हिंदी ऐकून मी सरळ मराठीत विचारलं, "तुम्ही कुठले?"

"माणगावचा. तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी मी यार्डात गेले तर मामू गाडीच्या दांडीला खांदा लावून तिला अंगणभर ओढत होते आणि बाकीचे वेल्डर चहा पीत मजा बघत होते. त्यांनी मला गाडी समजावून सांगितली. लांब लाकडी पेटी. पेटीचा तळ सरकता: दोन साखळ्यांवर बसवलेल्या लाकडी पट्ट्या खताला हळूहळू मागे नेतात. मागच्या तोंडाशी लोखंडी दात्यांचे दोन रूळ, ते खत फोडून लांबवर उधळतात. इंजिन नाही, मोटर नाही. सगळं चाकांच्या फिरण्यावर. बसायच्या जागेशेजारी एक खटका, तो ओढला की चाकांची गती रुळांना मिळते. "घोडा थांबला की खत थांबलं, घोडा चालला की खत चाललं," मामू म्हणाले. "मी रास तनुराच्या रिफायनरीत काम केलंय, यान्बूला केलंय. मोठी मोठी मशीनं बघितली. इतकी इमानदार एक नाय बघितली."

मामूंच्या वडलांचे माणगावात दोन टांगे होते. टांग्यांची चाकं, चाकांवरच्या लोखंडी धावा, घोड्यांचा साज, सगळं घरीच दुरुस्त व्हायचं. रिक्षा आल्या, टांगे गेले, आणि पोरगा वेल्डिंग शिकून जहाजानं नव्हे, विमानानं इकडे आला. हे "जहाजानं नव्हे, विमानानं" ते दर वेळी म्हणायचे. पुढची तीस-पस्तीस वर्षं पाइप जोडण्यात गेली. घोड्याच्या कामाला त्यांचा हात इतक्या वर्षांत लागला नव्हता, पण त्यांना स्वतःबद्दल तिळभरही शंका नव्हती. जुंपायला मी शहबाचं नाव सुचवलं; कामाची ठरली तर ती यादीतून सुटली असती. पण गाडी दोन घोड्यांची होती. शहबाला एकटीला ती ओढवली नसती. मामूंनी फार्मवर येऊन शहबाच्या छातीवर, खांद्यावर हात फिरवला आणि जाहीर केलं, "पेटी तिसरा हिस्सा कापायची. मधली दांडी काढून दोन बाजूला दोन दांड्या. मग ही ओढील."

शंभर वर्षांची गाडी कापायची हे अबू नासेरांना सांगायला मी गेलेच नसते. मामू गेले. त्यांची अरबी मोडकीतोडकी, पण बोलताना मान कधी खाली जायची नाही. "शेख," ते म्हणाले, "या गाडीनं जन्मभर काम केलं. आता तुम्ही हिला फाटकावर भिकाऱ्यासारखी उभी करणार." मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला. अबू नासेरांनी विचारलं, "कापलेलं पुन्हा जोडता येईल?" मामूंनी खिशातून खडू काढून दाखवला. पुढे पेटी कापताना त्यांनी प्रत्येक फळीवर खडूनं नंबर घातला आणि कापलेले तुकडे कापडात बांधून मालकांच्या गोदामात ठेवून दिले.

गाडी आठ दिवसांत तयार झाली. घोडी तयार करायची जबाबदारी माझ्यावर होती. मामूंनी पद्धत सांगितली होती: आधी रिकामा टायर ओढवायचा, मग टायरला साखळी बांधून तिचा खडखडाट मागे वाजू द्यायचा, रोज थोडा वाढवत. निदान पंधरा दिवस. चौथ्या दिवशी बलदियाचा माणूस येऊन गेला आणि आठवड्यानं पुन्हा येतो म्हणाला. मी घाबरले. शहबा शांत घोडी आहे, तिला काय होतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली. मामूंनी फोनवर विचारलं, "तयार हाय?"

"आहे," मी म्हणाले.

"तू म्हणतेस तर हाय." त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा अगंतुगं केलं.

शहबानं गाडी छान ओढली. ओळीच्या तोंडाशी येऊन मामूंनी खटका ओढला, दात्यांचे रूळ घरघरले, आणि एक ढेकूळ उडून तिच्या पाठीवर बसलं. ती चौखूर उधळली. मामूंनी लगाम सोडला नाही. बसायच्या जागेवरून ते खाली आले, पन्नास-साठ पावलं फरफटत गेले, आणि गाडी पंपाच्या खांबाला अडकून थांबली तेव्हा त्यांचं डावं मनगट मोडलेलं होतं, आणि शहबाच्या मागच्या पायाची कातडी सोलवटली होती. तरी लगाम उजव्या हातात होता आणि ते तिला म्हणत होते, "नाय, बाय, नाय. झालं आता."

अबू नासेर धावत आले. त्यांनी आधी घोडीचा पाय बघितला, मग विचारलं, "ही तयार आहे असं कोण म्हणालं होतं?"

मी तिथेच होते. हातात पट्टीचं सामान होतं. तोंड उघडायला मला दोन क्षण लागले असते. त्या दोन क्षणांत मामू म्हणाले, "लगाम माझ्या हातात होता, शेख. चूक माझी." आणि मी पट्टी बांधत राहिले.

संध्याकाळी मी इस्पितळात त्यांना भेटायला गेले. प्लास्टर घातलेला हात छातीवर ठेवून ते खाटेवर बसले होते. मी म्हटलं, "मामू, तुम्ही खोटं का बोललात?"

"खोटं काय बोललो? लगाम नव्हता माझ्या हातात?"

"पण तयार आहे असं मी सांगितलं होतं."

"ते तू सांगितलंस. ते तुझं हाय, माझं नाय." रागावलेले अजिबात नव्हते. पाण्याचा पेला उजव्या हातानं उचलून त्यांनी दोन घोट घेतले. "माझ्या वाटचं मी बोललो, बाय. तुझ्या वाटचं मी कसं बोलू?"

रात्रभर मला झोप आली नाही म्हणावं तर तसंही नाही. झोप लागली, पण सकाळी उठल्यावर पहिलं हेच आठवलं. मी अबू नासेरांच्या मजलिशीत, म्हणजे बैठकीच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. चार दिवसांत घोडी तयार होत नाही हे मला माहीत होतं, मामूंनी पंधरा सांगितले होते, आणि मी घाईनं होकार दिला. त्यांनी मला बसायला सांगितलं. कॉफी ओतली.

"मग चार दिवसांत का सांगितलं?"

"भीती वाटली. ती यादीत पहिली आहे."

"आणि आता किती दिवस हवेत?"

"पाय बरा होऊन पुढे वीस. त्याहून कमी नाही."

"म्हातारा काल इथून जाताना मला म्हणाला की आज कोणीतरी येईल," ते म्हणाले. "कोण ते सांगितलं नाही." मग त्यांनी बलदियाला पत्र लिहून मुदत मागितली. यादी मात्र फाडली नाही, टेबलावरच ठेवली.

त्यानंतरचा महिना मला आयुष्यभर पुरेल. मामूंना यार्डात एका हातानं काम नव्हतं, म्हणून ते रोज फार्मच्या पिकअपमधून यायचे. उलट्या बादलीवर बसायचे आणि शहबा चारा खात असताना उजव्या हातानं साखळी वाजवायचे. आधी लांबून, मग जवळून. तोंडानं अखंड बडबड: माणगावचा बाजार, बायकोचा फोन, घरून आलेले सुके बोंबील, शेजाऱ्याची विहीर. सगळं मराठीत. मी विचारलं, ही तर अरबीत वाढलेली, तिला काय कळणार? "अरबीत तिला सगळे हुकूम देतात," मामू म्हणाले. "हुकूम नको असला की माझी भाषा." ते तिलाही बाय म्हणायचे आणि मलाही. तबेल्याच्या दुसऱ्या टोकाहून "बाय, जरा सरक" ऐकू आलं की मी चार वेळा तरी उगाच सरकले असेन.

एका शुक्रवारी मी मुलीला फार्मवर आणलं. ती इंडियन स्कूलमध्ये सहावीत. माझ्या मराठीला तिचं उत्तर इंग्रजीतूनच येतं. मामू कुजलेल्या खतात कोपरापर्यंत हात घालून ऊब बघत होते. तिनं नाक दाबलं आणि हिंदीत म्हणाली, "अंकल, बहुत स्मेल है." मामूंनी मूठभर खत तिच्यापुढे धरलं. काळं, भुसभुशीत, जवळजवळ गंध नसलेलं. "वास तिकडं ढिगाला हाय, बाय. हे तर पुढच्या सालचे खजूर." तिनं नाकावरचा हात काढला, वाकून वास घेतला आणि चक्क मराठीत म्हणाली, "मातीसारखं आहे."

पाय बरा झाल्यापासून एकविसाव्या दिवशी शहबा गाडीला जुंपली. या वेळी मामूंनी रुळांच्या पुढे एक पत्रा ठोकला होता, ढेकूळ पुढे उडू नये म्हणून. खटका ओढण्याआधी ते माझ्याकडे बघून थांबले. मी मान हलवली. रूळ घरघरले. शहबाचे कान मागे गेले, पुन्हा पुढे आले, आणि ती चालत राहिली. मागे दोन्ही बाजूंना खत भुरभुरत पडत होतं. मामूंनी गाडी सायसाच्या, म्हणजे मोतद्दाराच्या हाती दिली, स्वतः मागून चालत गेले आणि चपलेच्या टोकानं थर बघत राहिले. "चादर घातल्यासारखं पडलं पाहिजे. उशी नाय घालायची." कुठे जाड पडलं की ते शिव्या देत, पण घोडीला नाही, साखळीला.

ढीग संपायला हिवाळा उजाडला. रोज थोडी थोडी लीद कुजायला जायची, कुजलेली बागेत जायची. बलदियाचा माणूस आला, ढिगाच्या जागी उभा राहिला आणि ढीग कुठे आहे असं त्यानं मॅनेजरला विचारलं. अबू नासेर पाहुण्यांना गाडी दाखवायला आणू लागले. फुलझाडांचा विषय पुन्हा निघाला नाही. शहबाच्या यादीचा कागद एके दिवशी टेबलावर नव्हता, एवढंच मला कळलं.

मामूंच्या मनगटात ताकद पुरती आली नाही. त्या हातानं बारीक वेल्डिंग होईना. त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपत आला होता; यार्डाच्या मालकानं, म्हणजे त्यांच्या कफीलनं, तो वाढवायला नकार दिला नाही, पण मामूंनीच नको म्हटलं. मला फार वाईट वाटलं. त्यांचा हात मोडायला मी कारण होते. तसं मी बोललेही. ते म्हणाले, "खैरून, बायको माझी, बारा वर्षं सांगतेय, या म्हणून. आता माझ्याकडे कारण हाय. तू मला कारण दिलंस." हे माझं मन राखायला होतं की खरं, हे मी त्यांना विचारलं नाही.

जायच्या दिवशी सकाळी ते विमानतळाच्या वाटेवर फार्मवर आले. बॅग पिकअपमध्येच होती. त्यांनी गाडीच्या आसाला ग्रीस भरलं, साखळी ताणून बघितली, शहबाच्या गळपट्ट्याखाली दोन बोटं घालून तो घट्ट नाही याची खात्री केली. पेटी भरलेली होती. मला वाटलं, शेवटची फेरी ते स्वतः मारतील. त्यांनी लगाम माझ्या हातात दिला.

"मी कधी हाकली नाही, मामू."

"तेच तर. मी असताना एकदा हाक."

मी चढून बसले. त्यांनी लगाम माझ्या बोटांत नीट बसवला आणि बाजूला झाले. "आता ओळीच्या शेवटच्या झाडाकडं बघायचं. तिचे कान दिसतील तेवढे बघ. मागं बघितलंस तर हात हलतो, आणि ती वाकडी जाते."

शहबा निघाली. मी खटका ओढला. मागे रूळ घरघरू लागले, आणि त्या आवाजात पिकअपचं इंजिन सुरू झाल्याचं मला ऐकू आलं की नाही, हे आजही सांगता येणार नाही. मी शेवटच्या झाडाकडे बघत राहिले. ओळ लांब होती. टोकाला पोचून मी तिला वळवलं, तेव्हा फाटक उघडं होतं आणि रस्त्यावर धूळ खाली बसत होती. माझ्यामागे ओळीत खत पडलं होतं. काही ठिकाणी जाड होतं, पण ओळ सरळ होती. पेटीत अजून अर्धं शिल्लक होतं. मी शहबाला म्हटलं, "चल, बाय," आणि दुसरी ओळ धरली.