कोकरांची राखण

उन्हाळ्यात पाणी उतरलं की औंढ्याकडच्या सिद्धेश्वर धरणात एक लांबट बेट उघडं पडायचं. काठाला जोडणारी चिंचोळी वाट, बुडालेल्या बाभळींवर पंख पसरून बसलेले पाणकावळे आणि गाळात उगवलेलं कोवळं गवत. नव्वदच्या दशकात त्या गवतासाठी आमची मेंढरं तिथं जायची. तेव्हा मी तिसरी-चौथीत असेन.

वडील भारी संशयी. गाळात वेल लावणाऱ्या शेतकऱ्यानं टरबूज दिलं तरी आधी विचारायचे, काहून देतोय हा? त्या वर्षी तर त्यांना निमित्तच मिळालं. मेंढरं चरायला गेली की आमच्यात तान्ही कोकरं बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवतात. एका दुपारी डालगं उलटलेलं आणि खालची दोन कोकरं गायब. समोरच्या काठावर झोपडी एकच, मासे धरणाऱ्या एका माणसाची. वडिलांनी त्याचं नाव घेतलं आणि मोकळे झाले. आईनं चिखलातले लांडग्याचे ठसे दाखवले, तर म्हणाले, कुत्रं असेल. त्या माणसानं दिलेली ताजी मरळसुद्धा परत पाठवली. वडिलांच्या त्या वागण्याचा मला अजून राग आहे.

काही दिवसांनी वरच्या धरणातून पाणी सोडलं. मेंढरंवाल्यांना कोण सांगतो? सकाळची कोरडी वाट दुपारी कमरेइतकी बुडाली, आणि पाणी चढतच होतं. आई काठावर पालापाशी, वडील आणि मी बेटावर. ती दोन कोकरं गेल्यापासून वडील डालगीही मेंढरांसोबत बेटावर नेत. म्होरक्या मेंढ्यामागं मोठी मेंढरं कशीबशी पाण्यात घालता आली असती, पण कोकरांना होडी हवी, आणि होडी त्याच माणसाची. वडील पाण्याच्या कडेनं दोन फेऱ्या मारून आले. शेवटी त्यांनी हाक मारली.

तो लगेच आला. डालगी होडीत चढली, तेव्हा वडिलांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "तू बी बस. कोकरांवर नजर ठेव. एक बी कमी व्हता कामा न्हाई." मला पोहता येत नव्हतं. एवढ्या संशयी माणसाला त्या वेळी हे आठवलंही नाही.

मी त्याच्याकडे टक लावून बसले. मध्यावर होडी डुलायला लागली तशी मी घाबरून कड धरली. त्यानं वल्हं थांबवलं.

"बापानं राखणीला बसवलं ना तुला?"

मी मान हलवली.

"मी कोकरू नेईन मनून भ्या वाटलं त्याला. पोरगी माझ्या हाती देताना न्हाई वाटलं."

मग त्यानं मला मधोमध सरकवलं आणि वल्हवायला लागला.

मेंढरं घेऊन वडील भिजत काठाला आले ते थेट होडीकडं, आणि आधी डालगी उचलून कोकरं पाहिली. मला हात धरून खाली उतरवलं ते त्या माणसानं.