‘जाते’ म्हणणारी

पलूसला एसटीत चढताना एक बाई सोडायला आलेल्या आपल्या आईला "जाते" म्हणाली. म्हातारी कडाडली, "येते म्हण की गं! असं कुणी म्हणतं व्हय?" बाई नुसतीच हसली आणि माझ्या शेजारी बसली. मी पडलो चौकस! कराड यायच्या आत सगळं काढून घेतलं. परदेशी संस्थेसाठी ती निर्वासित मुलांच्या छावण्यांत काम करायची, सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर.

"आणि ते ‘जाते’?" मी विचारलंच.

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "पहिल्या छावणीत एका पोरीला ‘येते’ म्हणाले. कंत्राट वाढलं नाही. ती रोज फाटकाशी बसायची म्हणे. आता आईपुढंसुद्धा तो शब्द निघत नाही."

कराडला ती उतरली. ओठांवर आलेलं "भेटू परत" मी गिळलं. माझ्यासारख्या बडबड्यानं आयुष्यात गिळलेलं ते पहिलंच वाक्य.