क्लेमचं दाताळं

आमच्या क्लेमवर संशय घ्यायला कुणाला पुरावा लागला नाही. त्याची पोरगी रोझलिन मार्शमचा स्वार टेरी याक्सली याच्याबरोबर फिरते, एवढं लोकांना पुरलं. आम्ही सटनफेनचे, आणि मोटरसायकलींच्या ट्रॅकवर मार्शमवाले आमचे हाडवैरी.

मी क्लेमची थोरली बहीण. ट्रॅकवर चहाची खिडकी माझी, त्यामुळे कोण कुणाच्या कानाला लागतंय ते मला बसल्या जागी दिसतं. कुणाच्या पोटात काय असेल सांगता येत नाही, म्हणून मी बघत असते.

क्लेम आठवडाभर बीटाच्या शेतात ट्रॅक्टर चालवायचा आणि शनिवारी ट्रॅकवर दाताळं धरायचा. शर्यत सुटते तिथं आतल्या कडेपासून चार स्वारांच्या चार जागा, दोघं घरचे, दोघं पाहुणे. चाकांनी तिथली तांबडी खडी उकरली जाते, ती दर शर्यतीनंतर सारखी करायची. जागेवर सुटी भुकटी राहिली, की मागचं चाक नुसतं गरगरतं आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून दाताळेवाला घरच्या पोरांकडं जरा झुकतोच, सगळीकडं झुकतो. क्लेम मात्र चारही जागा एकसारख्या करायचा. त्यावरूनही लोक कुरकुरायचे.

त्या वर्षी लीगमध्ये आम्ही तळाला. उरले होते ते दुय्यम करंडक. जोड्यांचा गेला, चौघांचाही गेला. परगण्याच्या करंडकात मात्र अंतिम फेरी गाठली, समोर मार्शम, तीही आमच्याच ट्रॅकवर. आमचा मॅनेजर गॅथरकोल याची खुर्ची त्यावरच टिकून होती. आठवडाभर तो क्लेमकडं मांजरानं उंदराकडं बघावं तसा बघत होता.

शेवटच्या शर्यतीआधी गुण बरोबरीत आले. गॅथरकोल तरातरा मैदानात गेला.

"क्लेम, दाताळं दे इकडं."

"का?"

"पर्सी करेल आता. का ते तुझ्या पोरीला विचार."

पर्सी म्हणजे गॅथरकोलचा मेहुणा. क्लेमनं दाताळं दिलं आणि माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. कान लालबुंद झाले होते.

"ताई, इतकी वर्षं केलं, आणि आज चोर ठरलो गं."

"चहा घे आणि गप उभा राहा," मी म्हटलं. माझा डोळा पर्सीवर होता. त्यानं एक आणि तीन नंबरच्या जागा दाबून पाटासारख्या गुळगुळीत केल्या, आणि दोन-चारवर बुटानं भुकटी लोटली. लीगमध्ये शेवटच्या शर्यतीला एक आणि तीन घरच्यांनाच मिळतात, हे शेंबडं पोरही सांगेल.

पण ही लीग नव्हती. या करंडकात गुण बरोबरीत असले, की जागांसाठी नाणं उडवतात. आम्ही त्यात कधी एवढे पुढं गेलोच नव्हतो, तर गॅथरकोलला आठवणार कुठून? पंचानं दोन्ही कप्तानांना बोलावलं तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा झाला. मार्शमनं नाणं जिंकलं आणि एक आणि तीन घेतल्या.

आमच्या पोरांनी बुटानं उकरून पाहिलं, पण घट्ट जमीन लागेना. शर्यत सोडायची आडवी फीत वर गेली. आमच्या गाड्या तिथंच फरफरत राहिल्या. टेरी पहिला, त्याचा जोडीदार दुसरा.

"क्लेमनं विकलं आपल्याला," कुणीतरी ओरडलं. सगळ्यात मोठा आवाज गॅथरकोलचा. "मी दाताळं काढून घेतलं, पण त्याआधीच यानं जागा नासवल्या होत्या!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एप्रनसकट बाहेर आले. क्लबच्या प्रमुख मिसेस ब्लाय तिथंच उभ्या होत्या.

"पर्सी, इकडं बघ. दोन आणि चारवर भुकटी कुणी लोटली?" मी विचारलं.

पर्सी बुटांकडं बघत म्हणाला, "मला दाजींनी..."

"नीट बोल, पर्सी," मिसेस ब्लाय म्हणाल्या. क्लेमची मान वर झाली.

तेवढ्यात रोझलिन धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. रडतही होती, हसतही होती.

"बाबा, टेरी म्हणाला होता, तुझे वडील मला कधी आपला म्हणणार नाहीत. मी म्हटलं, माझे बाबा माझ्यासाठी काहीही करतील. आणि तुम्ही केलंत!"

पर्सीनं उघडलेलं तोंड मिटून घेतलं. मी बोलणार, तर क्लेमनं माझं मनगट असं दाबलं की दुखलं. 'मी नाही केलं' एवढं म्हटलं की तो सुटत होता. चोर ठरलो म्हणून मघाशी माझ्यापाशी तोच तर हळहळला होता. आता पोरीच्या तोंडाकडं बघत राहिला.

"सुखी राहा, बाई," तो म्हणाला.

मिसेस ब्लायना तेवढी कबुली पुरली; त्यांनी हात पुढं केला. क्लेमनं खिशातून दाताळं ठेवायच्या शेडची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"चल," तो रोझलिनला म्हणाला, "तुझ्या टेरीला भेटव."