रेक्झिन पुरलं नाही

बाळांनो, हे मराठीत लिहिते आहे, म्हणजे तुमच्या आईला वाचून दाखवावं लागेल. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, सगळं शिक्षणच त्या भाषेत झालं. पण आमच्या या जुन्या गाडीत आम्ही मराठीतून भांडलो, तेव्हा तिच्याबद्दल मराठीतच लिहावं. आणि आत्ताच लिहिते, कारण शनिवारी गाडी जाणार आणि पुढच्या आठवड्यात आम्ही घर सोडून छोट्या युनिटमध्ये राहायला जाणार. तिथे गॅरेज नाही. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, व्हाय आर यू ऑल्वेज टायर्ड?" तर त्याचं कारण ही गाडी.

पुण्याहून इथे परदेशात आलो त्या वर्षी आजोबांनी ती पापाटोएटो उपनगरातल्या एका म्हाताऱ्याकडून घेतली. तेव्हाच ती जुनी होती. आता तिच्याकडे लोक कौतुकाने बघतात, क्लासिक म्हणतात. तेव्हा ती फक्त परवडणारी होती. तुमची आई मागच्या सीटवर वाढली म्हटलं तरी चालेल.

या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी आजोबांचं ड्रायव्हिंग बंद केलं. हातही थरथरतात. गाडी विकायची हे त्यांनी मुकाट्याने मान्य केलं, भंगारात द्यायची म्हटल्यावर मात्र जेवले नाहीत. मग इथे जवळच मनुरेव्यात राहणारी एक मुलगी भेटली. नाशिकहून शिकायला आलेली, आता बसच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं दुरुस्त करते. गाडीभोवती फिरून, खाली वाकून, सगळं बघून ती म्हणाली, "काका, इंजिन माझ्यावर सोडा. पण आतली अवस्था! शिवणकामात माझ्या आईने माझ्यापुढे हात टेकलेत. बसण्यासारखी करून द्या, मी नेते."

ती गेल्यावर आजोबा माझ्याकडे बघत राहिले. शिवणाचं मशीन या घरात कोणाचं आहे, हे मला कळत होतं.

आतली अवस्था खरंच वाईट होती. छताचं कापड लोंबत होतं. पुढच्या सीटच्या शिवणी उन्हाने उसवल्या होत्या, आतल्या फोमचा भुगा झाला होता, आणि इथल्या ओलीने खालच्या गालिच्याला बुरशीचा वास. आजोबा घडीच्या खुर्चीवर बसून सांगत, मी करत असे. दाराचे स्क्रू एका वाटीत, सीटचे दुसरीत, असे मी जुन्या मिसळणाच्या डब्यात ठेवले. त्यावर आजोबा म्हणाले, "हळदीच्या वाटीत वायपरचे स्क्रू नकोत, पिवळे होतील." हसायला आलं, पण पाठ इतकी दुखत होती की हसणंसुद्धा अर्धंच झालं.

छताला डिंक लावून कापड चिकटवलं आणि आत बसून बघत होतो, तेवढ्यात ते अलगद सुटून आमच्या दोघांच्या डोक्यावर आलं. कापडाखालून आजोबांचा आवाज: "लग्नात अंतरपाट असा खाली आला असता तर बरं झालं असतं. भटजी फार लांबवत होते." दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकटवलं.

मग सीट. जुनं कव्हर उसवून त्याचे तुकडे जेवणाच्या टेबलावर पसरले, त्यावरून खडूने नवं रेक्झिन आखलं. जुन्या सीटचा तो तपकिरी रंग आता बनत नाही. बंद होणाऱ्या एका दुकानात शेवटचा तागा मिळाला होता. मशीनला जाड सुई लावली, तरी तीन थर आले की मोटर कण्हायची आणि मी चाक हाताने फिरवायची. खांदे भरून यायचे. पुढच्या दोन्ही सीटची कव्हरं पूर्ण झाली तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला.

पण ती कव्हरं सीटवर चढेनात. ओढूनताणून चढवली तर शिवणींवर करंगळीएवढे उंचवटे. आजोबांनी कड चाचपली, आत बोट घातलं.

"हे काय? एवढं कापड आत कशाला?"

"माया सोडली आहे."

"माया?"

"ब्लाउजला सोडतो तशी. पुढे उसवून मोठं करता यावं म्हणून."

"अगं, गाडी काय बाळंतपणानंतर जाड होणार आहे?"

चाळीस वर्षांची सवय. कापड हातात आलं की बोटं आपोआप माया सोडतात, मला विचारतसुद्धा नाहीत. सगळं उसवलं, माया कापून टाकली, पुन्हा शिवलं. रेक्झिनला सुईची भोकं पडली की बुजत नाहीत, म्हणून जवळून पाहिलंत तर एका टिपेशेजारी दुसऱ्या टिपेची रांग दिसेल. कापलेल्या पट्ट्या जमिनीवर पडल्या होत्या आणि ताग्यात जे उरलं ते मागच्या सीटला पुरणार नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही नुसता वरणभात जेवलो. ती मुलगी आता नाही म्हणेल, हे दोघांच्याही मनात होतं. दुसऱ्या रंगाचं रेक्झिन आणून पुन्हा सुरुवात करायचं त्राण माझ्यात नव्हतं, आणि ते मी आजोबांना सांगितलं. "नको करूस," ते म्हणाले. एवढंच.

काल ती आली. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, दाराशी काढून आत बसली, पुढच्या सीटवर हात फिरवला, मग मागे वळली. आजोबा घाईने म्हणाले, "मागचं राहिलं. रेक्झिन पुरलं नाही."

"आणि हा लाल डाग कसला, काका?"

"कुंकू. गाडीची पूजा केली तेव्हा नारळाचं पाणी उडालं. पोरगी त्या ओल्या कुंकवात बसली, मग सीटवर."

ती उतरून मागे जाऊन बसली. सीट करकरली. "स्प्रिंगा मस्त आहेत. काकू, मागे हात लावू नका. मी शनिवारी नेते अशीच."

आजोबांनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि आत जाऊन झोपले, भर दुपारी. मीही पाठ टेकली.

तर सांगायचं ते एवढंच. पुढचं सगळं मी शिवलेलं, नवं आहे. मागची सीट तुमच्या आईच्या वेळचीच आहे: भेगा, कुंकवाचा डाग, आणि फटीत समुद्रावरची थोडी वाळू.