टिश्यूच्या पाकिटांवरचा फुटबॉल

बाईंनी हॉकर सेंटरच्या, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीच्या, टेबलावर टिश्यूची पाकिटं मांडायला घेतली की आमच्यातले अनुभवी लोक मुकाट्याने आपापली प्लेट उचलून हातात धरत. आता बराच वेळ त्या टेबलावर जेवता येणार नसे. टेबलाचं मैदान झालेलं असे.

सिंगापुरात टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा आपली, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर ध्यानात ठेवा, उपाशी राहणार नाही. बाई एकदम अकरा पाकिटं मांडत. लांबून येणाऱ्याला वाटे, इथे कुणाचं तरी बारसं आहे. एकदा एका चिनी काकांनी हातातला वाफाळता वाडगा सांभाळत विचारलं, "आंटी, इथे कोणी आहे का?"

"अकरा जण," बाई मान वर न करता म्हणाल्या.

मग सॉसची बाटली उचलून त्या पाकिटांसमोर ठेवत. "हा त्यांचा माणूस. याला अडवायचं नाही. मुद्दाम मोकळा सोडायचा. आधी त्याला ठरवू दे!"

'आधी त्याला ठरवू दे' हे बाईंचं पालुपद. बसला उशीर झाला, बॉस चिडला, कुणाच्या मुलीने मोबाइल मागितला, कुठल्याही प्रसंगी त्या हेच म्हणत. मूळ मात्र फुटबॉलचं. आपला पायाने खेळायचा नव्हे. अमेरिकन, लांबट चेंडू काखोटीला मारून पळायचा. बाई तिकडे मक्याच्या शेतांत हरवलेल्या एका गावात संख्याशास्त्र शिकायला गेल्या आणि दर शनिवारी कॉलेजचे सामने बघून पार बिघडल्या. त्यांचं कॉलेज 'ऑप्शन' खेळे. चेंडूवाला पळतो, त्याच्या बाजूने साथीदार पळतो. मोकळा सोडलेला माणूस चेंडूवाल्याच्या अंगावर आला, की चेंडू साथीदाराकडे. तो साथीदाराकडे वळला, की चेंडू पोटाशी धरून आपणच पसार.

"म्हणजे त्याने काहीही ठरवलं तरी चूकच!" असं म्हणून बाई इतक्या जोरात टाळी देत की बाटली आडवी होई.

बाई क्लेमेंटीला राहत, जवळच्याच विद्यापीठात शिकवत. त्यांचे यजमान तांजोंग पगारला आमच्या ऑफिसात, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. देवमाणूस. एकच खोड, त्यांना ठरवता येत नसे. जेवणाच्या सुट्टीत ते रिकामा ट्रे घेऊन नूडल्स आणि डोसा यांच्या बरोबर मधोमध उभे राहत. मी जेवून परत येई तेव्हाही तिथेच असत. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. ऑफिसात "तुम्ही म्हणाल तसं," आणि घरी "तुला हवं तसं."

आम्हा मराठी अकाउंटंटांचा एक संघ होता. पोटं सुटलेली, उत्साह अफाट. आमचा फुटबॉल सौम्य. कमरेला दोन फिती लावायच्या, समोरच्याने फीत ओढली की तुमची धाव संपली. धक्काबुक्की नाही, बायकांची काळजी नाही. बाई आमच्या कोच झाल्या, कारण त्यांनी तसं जाहीर केलं.

त्यांचा ऑप्शन आम्हाला बऱ्यापैकी जमला होता. मग एका बँकेच्या संघाशी गाठ पडली आणि तिथे होता माइक. ताडमाड, हसरा, लहानपणापासून हा खेळ खेळलेला. आम्ही त्याला मोकळा सोडला. आणि मंडळी, त्या गृहस्थाने काही ठरवलंच नाही! चेंडूवाला आणि साथीदार यांच्यामध्ये तो नुसता मागे मागे सरकत राहिला. ना इकडे, ना तिकडे. आमचा चेंडूवाला राहुल त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, तेवढ्यात त्यांचे बाकीचे धावत आले आणि राहुलच्या फिती गेल्या. सामनाभर हेच. आम्ही सपाटून हरलो.

तिसऱ्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये पाकिटं निघाली.

"जो ठरवत नाही, त्याच्या नाकासमोर सरळ धावत जायचं," त्या म्हणाल्या. "लांबून चेंडू फेकला तर त्याला दोघांनाही गाठायला वेळ मिळतो. अगदी अंगाशी गेलं की त्याला हलावंच लागतं."

"आणि नाहीच हलला तर?" मी विचारलं.

"तर त्याच्या बगलेतून आपणच निघायचं. थांबलेला माणूस म्हणजे उघडं दार!"

यजमान शेजारी बसून डोशाचा तुकडा मोडत होते. कसे कोण जाणे, त्या दिवशी डोसा ठरला होता. ते उठून पाणी आणायला गेले तशी बाईंनी पाकिटं गोळा केली.

"मला माझ्या जुन्या कॉलेजात नोकरी मिळतेय," त्या म्हणाल्या. "सोमवारी हो की नाही कळवायचंय. महिना झाला, हे म्हणतात, तुला हवं तसं."

"मग हो कळवून टाका! ते येतील की."

"येतीलच हो. मी अमेरिकेत नेलं, आले. इथे आणलं, आले. पण भाऊजी, आपण कुणाला जन्मभर सामानासारखं नेतोय का, असं वाटतं हो. राहायचं म्हणाले तर राहीन. मनापासून राहीन. पण एकदा त्यांनी म्हणावं."

रविवारी बँकेशी पुन्हा सामना होता. शुक्रवारी ऑफिसने राहुलला जकार्ताला धाडला. बाईंचे सगळे डाव तोंडपाठ असलेला दुसरा माणूस अख्ख्या सिंगापुरात एकच होता. वीस वर्षं तो रोज जेवताना ते ऐकत आला होता. पाण्याचे कॅन घेऊन आलेल्या यजमानांना आम्ही फिती बांधल्या. ते बाईंकडे बघू लागले. बाई झाडाकडे बघू लागल्या.

चेंडू यजमानांकडे, साथीदार मी. पहिली खेळी सुरू झाली आणि चेंडू हातात येताच त्यांनी तो माझ्याकडे फेकला. तापलेला तवा फेकावा तसा! माइकने आरामात येऊन माझी फीत काढली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही. चौथ्या वेळी माइक आधीच माझ्या वाटेवर येऊन उभा. आता फेकायला जागा नव्हती. यजमान थांबले. माइक थांबला. दोन न ठरवणारी माणसं एकमेकांकडे बघत आडवी धावू लागली, आणि तशीच, एकमेकांचा मान राखत, रेघेबाहेर जाऊन पाण्याच्या कॅनांवर आदळली.

"अंकल सो स्लो लाऽऽ!" ही मैदानाबाहेरून माझी कन्या, इथल्या सगळ्या पोरांसारखी वाक्यामागे 'ला' लावणारी.

मध्यंतरात मी बाईंना गाठलं. "अहो, सांगा ना त्यांना, चेंडू ठेवा म्हणून!"

"मी सांगितलं, तर ते पुन्हा माझंच ठरवणं झालं," बाई म्हणाल्या.

यजमान पलीकडे कपाळाला बर्फ लावून बसले होते. त्यांनी ते ऐकलं. बर्फ लावणारा हात थांबला.

मध्यंतरानंतरही आमची वाताहत चालू राहिली. शेवटची खेळी आली. यजमानांनी चेंडू घेतला आणि या वेळी फेकला नाही. सरळ माइकच्या नाकाकडे निघाले. मी बाजूने हात पसरून ओरडतोय, "द्या! द्या!" ते देत नाहीत. माइक मागे सरकतोय. अंतर कमी होतंय. एक हात राहिलं असेल, तेव्हा माइकला वाटलं, हा गृहस्थ देणारच, नेहमी देतो. तो माझ्याकडे वळला.

यजमानांनी चेंडू छातीशी धरला आणि त्याच्या बगलेतून निघाले! चष्मा उडाला. एक बूट सुटला. समोर कोणी नव्हतं, तरी दोन्ही डोळे मिटून धावत होते. थेट शेवटच्या रेघेपलीकडे!

आम्ही सामना हरलो. ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. आम्ही त्यांना उचलायला गेलो, पेलले नाहीत, खाली ठेवले. बाई धावत आल्या.

"मला दिसलंच नाही! मी माइककडे बघत होते. मोकळ्या माणसाकडेच बघायची सवय आहे हो! नेमकं काय केलंत?"

"ठेवला," यजमान धापा टाकत म्हणाले. "माझ्याकडेच ठेवला." मग दोन श्वास घेऊन, "जाऊ या आपण. मला जायचंय. तुझ्यासाठी म्हणून नाही. मलाच ते गाव आवडलं होतं. बर्फ आवडला होता."

"वीस वर्षांत बोलला नाहीत?"

"तू कधी थांबलीच नाहीस."

बाई भर मैदानात चिखलात फतकल मारून हसत सुटल्या. हसता हसता त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि बराच वेळ काढली नाही.

ते गेल्यावर आमचा संघ फार टिकला नाही. कोणीतरी बॅडमिंटन सुचवलं आणि आम्ही लगेच हो म्हणालो.

निरोप द्यायला आम्ही सगळे चांगी विमानतळावर गेलो होतो. सामानाची ट्रॉली यजमानांनी हाती घेतली. चारी बाजूंना नजर टाकली आणि कुणालाही न विचारता तरातरा एका रांगेत जाऊन उभे राहिले. रांग टोकियोची होती, त्यांचं विमान तिकडे जाणारच नव्हतं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर बाईंनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, खांद्यावरची पिशवी सावरली आणि शांतपणे त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.