ठकूमाय एक ओळ मागे

“ताई, मन्ही सासू इतली गोड नही व्हती,” सखूबाई म्हणाली आणि कपाळाला आठ्या घालून बसली. अंगणातल्या सगळ्या बाया खो खो हसल्या.

मी कॅमेऱ्यापाशी उभी होते. “चेहरा जरा प्रसन्न ठेवा,” एवढंच मी म्हटलं होतं. स्टुडिओत आम्ही प्रत्येकाला तेच सांगतो. पण इथे ज्या तिघींचा फोटो हवा होता त्या समोर नव्हत्याच. गेल्या पावसाळ्यात त्या एकामागून एक वारल्या होत्या. समोर खाटेवर बसल्या होत्या त्या त्यांच्या सुना. प्रत्येकीच्या अंगावर आपापल्या सासूचं लुगडं होतं.

हा प्रकार आमच्या धंद्यात नवा नाही. नंदुरबारला माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ आहे. मी तिथे रिटचिंग करते, म्हणजे निगेटिव्हवर हातानं काम करून चेहरा सुधारते. ज्या माणसानं जन्मात फोटो काढला नाही, त्याचाही फोटो घरच्यांना तो गेल्यावर हवा असतो. मग त्याच्यासारख्या बांध्याच्या नातेवाइकाला त्याचे कपडे घालून बसवायचं, फोटो काढायचा आणि घरचे सांगतील तसा चेहरा रिटचिंगमध्ये बदलायचा. मामा याला ‘बसवलेला फोटो’ म्हणतात. मी सुरतेच्या मिशन बोर्डिंगात शिकले. तिथे अशा गोष्टीला काय म्हणाले असते ते मी मामांना कधी सांगितलेलं नाही.

आठवड्यापूर्वी तापीपलीकडचे, लोणखेड्याच्या बाजूच्या गावातले नाना पाटील स्टुडिओत आले होते. त्यांच्या मुलीचं, चंद्रीचं लग्न ठरलं होतं.

“मन्ही माय सांगी गयी व्हती,” नाना म्हणाले, “चंद्रीना लगनमा जवाईनी अशी फजिती करसू का तो सासरनं नाव इसरी जाई. आते ती गयी. तिन्या दोन्ही जोडीदारनीबी गयात. आनी पोर म्हनस, आजी मांडोमा येत नही तवलोंग मी हळद लावाव नही.”

नानांची आई भिवरामाय, आणि तिच्या सोबतिणी तुळसामाय आणि ठकूमाय. गावात कुठलंही लग्न असो, नवऱ्या मुलाला गाण्यातून टोमणे मारायचं काम या तिघींचं. तिकडे हा मान असतो. ज्या गावातून जावई आपलं हसं न होता परत जातो, त्या गावात म्हणे आता बायाच उरल्या नाहीत.

नानांना मांडवात लावायला या तिघींचा बसवलेला फोटो हवा होता. “होऊन जाईल,” मामा म्हणाले. नाना गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि हळूच म्हणाले, “कुमुद, मोठी प्लेट एकच आहे.”

प्लेट म्हणजे मसाला लावलेली काच. तिच्यावर फोटो उमटतो. महायुद्धामुळे मुंबईहून माल येणं बंद झालं होतं. एक प्लेट म्हणजे एक संधी. नावेतून तापी ओलांडताना प्लेटचा डबा मी मांडीवर धरून बसले होते. मामा नावाड्याला दर वल्ह्याला “सावकाश” म्हणत होते.

गावात पोचल्यावर नानांनी मामांना पारावरच थांबवलं.

“मामा, तुम्ही आठेच बठा. चहा लई येतस. अंगणमा फक्त ताई.”

“अहो, पण फोटो मी काढतो. ती फक्त रिटचिंग करते.”

“आम्हन्या बाया परका मानूसनासमोर डोक्यावरना पदर काढतीन का? तोंडच दखावं नही, मंग फोटो कसाना काढशात?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. त्यांनी माझ्या हातात डबा दिला. “चार मोजायचे, टोपण बंद. कोणाला हलू द्यायचं नाही. हललं की प्लेट गेली.”

आमच्या मोठ्या कॅमेऱ्याला भिंगावर टोपण असतं. ते हातानं काढायचं, उजेड आत जाऊ द्यायचा, परत लावायचं. तेवढ्या वेळात जो हलला तो फोटोत धुरासारखा दिसतो.

मी अंगणात एकटी गेले. निदान पन्नास बाया होत्या. मला चार माणसांत बोलायची सवय नाही. माझी मराठी पुस्तकातली, त्यांची अहिराणी. मी विचारलं, “त्या तिघी दिसायला कशा होत्या?”

मला नाक, हनुवटी, सुरकुत्या एवढंच हवं होतं. मला भलतंच मिळालं.

भिवरामाय टोमणा मारताना डावा डोळा मिटायची, बंदूक धरल्यासारखी. धुळ्याचा एक नवरा मुलगा विलायती बूट घालून आला होता. तिनं त्या बुटांवर इतकी गाणी रचली की तो अनवाणी परत गेला. बूट अजून कोणाच्या तरी माळ्यावर आहेत. तुळसामायनं गावातल्या निम्म्या लेकरांची नाळ कापली होती. लेकरू रडायच्या आधी ती हसायची. गाण्यातही तिचं तेच, टोमणा पुरा व्हायच्या आत हसून मोकळी. आणि ठकूमायला ऐकू येत नसे. ज्वारीच्या शेतात पाखरं हाकायला तिलाच बसवत. तिला पाखरं ऐकू यायची नाहीत, पण पाखरांना ती ऐकू यायची. गाताना ती इतर दोघींचे ओठ पाहून गायची, त्यामुळे कायम एक ओळ मागे. गाणं संपलं असं समजून नवरदेव घाम पुसायला लागायचा आणि तेवढ्यात शेवटची ओळ ठकूमाय एकटीच, मोठ्यानं म्हणायची.

सांगता सांगता सुनांच्या अंगात सासवा शिरल्या. सखूबाई भिवरामायची सून, म्हणजे नवरीची आई. तिनं डावा डोळा मिटला आणि शेजारणीला म्हणाली, “काय व, भाकर थापी ऱ्हायनी का गोवरी?” तुळसामायची सून पोट धरून हसायला लागली. ते तिचं हसणं होतं की सासूचं, ते मला कळेना. ठकूमायची सून कानामागे हात धरून “हा?” “हा?” करत होती. चंद्री दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. ती हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

मग सखूबाईचा मिटलेला डोळा माझ्याकडे वळला.

“नंदुरबारनी ताई उनी, काया डबा लई,
डबाले एक डोया शे, ताईले जीभ नही!”

काळ्या डब्याला एक डोळा तरी आहे, ताईला मात्र जीभच नाही. अंगण हसण्यानं फुटलं. माझे कान लाल झाले. मी कॅमेऱ्याचं काळं कापड डोक्यावर घेतलं आणि आत शिरले.

आत बरं वाटलं. मागच्या काचेवर तिन्ही सासवा उलट्या दिसत होत्या, पाय वर, डोकी खाली, आणि तशाही हसत होत्या. मी फोकस केला, भिंगावर टोपण लावलं, प्लेट बसवली, तिच्यावरचं झाकण ओढून काढलं. आता फक्त टोपण काढायचं होतं. पण हसणं थांबेना. मी दोनदा “शांत राहा” म्हटलं. तिकडे कोणाला ऐकूही गेलं नाही. ऊन उतरायला लागलं होतं. प्लेट एकच होती.

कापडाखाली माझं तोंड कोणाला दिसत नव्हतं. त्यांचा पदर तसं माझं कापड. मी आतूनच, मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हटलं,

“डबाना डोया म्हने सासू, गप बठी ऱ्हाय,
जी हालनी तिले फोटोमा दोन तोंडं, माय!”

अंगण एकदम गप्प झालं. मुकी ताई बोलली होती. मी कापडाबाहेर डोकं काढलं, तिन्ही चेहरे आश्चर्यानं थिजले होते. हीच वेळ, असं म्हणून मी टोपण काढलं.

एक मोजला. दोन मोजला. आणि सखूबाईला माझा टोमणा पोचला. तिला हसू फुटलं. तिच्या मागोमाग तुळसामायच्या सुनेला. ठकूमायची सून मात्र सासूच्या सोंगात इतकी पक्की होती की ती समोर बघत दगडासारखी बसून राहिली. चार झाले, मी टोपण लावलं. मग तिनं कानामागे हात नेला, “हा? काय म्हननी ताई?” आणि मग हसली.

परतताना नावेत मामांनी विचारलं, “कोणी हललं नाही ना?” मी म्हटलं, “तापीला पाणी बरंच आहे.”

स्टुडिओत लाल दिव्याखाली प्लेट धुतली. मामांनी ती उजेडात धरली.

“हा फोटो आहे की वावटळ?”

मी लाल दिवा मालवला.

“दोघींना तोंडच नाही! पेन्सिल घे. नीट मिटलेले ओठ काढ.”

रिटचिंगमध्ये निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की फोटोत तो भाग उजळतो आणि सुरकुती जाते. चाकूनं हलकं खरवडलं की काळी रेघ येते, म्हणजे सुरकुती पडते. एरवी माझं सगळं काम सुरकुत्या पुसायचं. या वेळी तरण्या चेहऱ्यांवर त्या घालायच्या होत्या. मी भिवरामायचा डावा डोळा मिटला. तुळसामायचे गाल फुगवले. ठकूमायच्या कपाळावर ज्वारीच्या शेतातलं ऊन घातलं. मग ओठांशी आले आणि थांबले. एका जुन्या प्रिंटवर मिटलेले ओठ काढून पाहिले. आमच्या काचेच्या खिडकीत बसलेल्या कुठल्याही प्रतिष्ठित मयत बाईसारखे दिसले.

“मामा, राहू देऊ या.”

“गिऱ्हाईक तोंडावर फेकेल.”

“राहू देऊ या.”

“मग तूच घेऊन जा. तूच बोलणी खा.”

हळदीच्या दिवशी मी फ्रेम घेऊन मांडवात गेले. चंद्री पाटावर बसायला तयार नव्हती. हळद वाटून वाळायला लागली होती. नानांनी कापड काढलं. माझी जीभ पुन्हा गेली. नाना फ्रेमजवळ वाकले, मागे झाले, पुन्हा वाकले.

“माय हालनी,” ते म्हणाले.

मी फ्रेम परत घ्यायला हात पुढे केला.

“जित्ती व्हती तधळ तरी ती कधी गप बठनी व्हती?” नाना म्हणाले आणि मोठ्यांदा हसले. “आनी हाई देखा! दोन्हीजनी हसी ऱ्हायन्यात, आनी ठकूमाय! ठकूमाय अजून मांगेच शे!”

मग फोटोजवळ जायला ढकलाढकली झाली. म्हातारे पुरुष ठकूमायकडे बोट दाखवून एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. चंद्री फ्रेमसमोर उभी राहिली. तिनं आजीच्या मिटलेल्या डोळ्याकडे पाहून आपलाही डावा डोळा मिटला आणि मुकाट्यानं पाटावर जाऊन बसली. “लावा,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वरात आली. जावई मनगटावर घड्याळ बांधून आला होता आणि ते सगळ्यांना दिसेल असा हात धरत होता. फोटोखाली तिन्ही सुना उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या सासवांच्या मागे नुसतं गुणगुणत आल्या होत्या.

“जवाईबुवा उनात देखा, मनगटले घडी,
टाइम त्यासले कोन सांगी? बंद शे ती पडी!”

जावई कसनुसा हसला. गाणं संपलं. त्यानं रुमाल काढला. तेवढ्यात ठकूमायची सून एकटीच, मोठ्यानं म्हणाली, “बंद शे ती पडी!” जावयानं हात शेल्यात लपवला. घड्याळ खरंच बंद होतं, हे नंतर कळलं.

मामांनी त्या फोटोची एक प्रत खिडकीत लावली आहे. आता तापीपलीकडची माणसं येऊन ‘तसा हाललेला’ फोटो मागतात आणि मामा त्यांना तो किती अवघड असतो हे समजावून सांगतात.

गिऱ्हाईक हललं की प्लेट वाया, हा धंद्याचा नियम मी अजून पाळते. फक्त टोपण काढण्याआधी घरच्यांना एक प्रश्न विचारून घेते, माणूस जिवंतपणी गप्प बसायचा का.