काकाच्या बोटाखालची गावं

माझ्या धाकट्या काकाच्या मते या जगात चुकीचं असं काहीच नाही. जे काही बिघडलेलं दिसतं, त्याचा फक्त वेग थोडा कमी-जास्त झालेला असतो. बस चुकली, भाऊ-भाऊ भांडले, कोणाचं पोरगं नापास झालं, की काका मान तिरकी करून लांबचं काहीतरी ऐकल्यासारखं करतो आणि म्हणतो, "अर्धा टक्का मांगं राह्यलं, बाकी काही नाही." मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. माणसांविषयी कसं लिहितात हे मला अजून नीट कळत नाही. काही जास्त लिहिलं गेलं तर काकाला वाईट वाटेल, अशीही भीती वाटते. पण कोणाविषयी लिहू असा विचार केला की त्याच्याशिवाय दुसरं कोणी सुचत नाही.

आमचं गाव अमडापूरपासून जवळ. काका वर्षभर मिरची, वांगी, कोबी करतो आणि लग्नसराईत पिकअप गाडीवर साउंडचे बॉक्स चढवून डीजे होतो. त्याच्या कंट्रोलरवर बटणं इतकी की विमान उडेल, पण काकाचा जीव दोनच गोष्टींत आहे: डावीकडची एक आणि उजवीकडची एक, बोटभर लांबीच्या सरकत्या पट्ट्या. त्यांना पिच फेडर म्हणतात. मधोमध शून्य. पट्टी आपल्याकडे ओढली की गाणं पळायला लागतं, पुढे लोटली की मंदावतं. नव्या माणसाला हे उलटंच वाटतं. एकदा माझे बाबा मोठ्या हौसेने गाडीवर चढले आणि वरातीला जोर यावा म्हणून त्यांनी पट्टी सगळी पुढे लोटून दिली. गाणं असं लोळायला लागलं की नाचणारी पोरं उचललेला पाय हवेत धरून उभी राहिली. घोडी तेवढी आपल्या मनाने नाचत होती. काका धावत आला. "दादा, ट्रॅक्टरचा गियर हाय का हा?" एवढंच म्हणाला, आणि मग सबंध हंगामभर बाबांना गाडीच्या मागच्या अंगाला येऊ दिलं नाही.

शून्यावर त्याने कधी गाणं वाजवलं नाही. "शून्यावरचं गाणं, ज्यानं बनवलं त्याचं. आपल्या लोकायले ते बसत नाही," असं त्याचं म्हणणं. त्याच्या हिशेबी प्रत्येक गावाचा एक वेग असतो आणि तो त्याच्या बोटाला पाठ आहे. मलकापूरचे लोक अडीच टक्के जोरात नाचतात. का, तर "रेल्वे हाय ना तिथं. लहानपणापासून गाडी सुटायची सवय." साखरखेर्डा उणे एक. अमडापूर अधिक पाऊण, पण बाजाराच्या दिवशी लग्न असेल तर अधिक एक, कारण अर्ध्या वऱ्हाडाचं लक्ष घरी जाण्याकडे असतं. आमच्या स्वतःच्या गावाचा आकडा मात्र त्याने कधी सांगितला नाही. विचारलं तर म्हणतो, "घरच्या माणसाचा वेग कोनी मोजते का बे?"

हे काही खरं नव्हतं. घरच्यांचा वेग तो उठल्यापासून मोजायचा. आई भाकरी थापायला बसली की हा बाहेरून स्टीलच्या ग्लासावर बोटाने ठेका धरायचा आणि ओरडायचा, "वहिनी, आज तुम्ही दोन टक्के रागात हा!" आई म्हणायची, "आणखी वाजव, मंग चार टक्के दाखवतो तुले." मारुतीच्या देवळात भजन रंगात आलं की काका कानात बोटं घालून बाहेर यायचा, कारण सुरुवातीला ऐटीत चालणारे टाळ शेवटी शेवटी कुत्रं मागे लागल्यासारखे पळायचे. एकदा त्याने भजनीबुवांना तसं सांगितलंही. बुवा म्हणाले, "देवाकडं जाऊन राह्यलो, घाई होतेच थोडी."

त्याच्या कंट्रोलरवर दोन गाणी आपोआप जुळवून देणारं एक बटण आहे. काकाने त्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी लावून टाकली आहे. "मशीनच जुळवाले लागली तं मी काय शोभेले उभा राहू?" एक गाणं बाहेर वाजत असतं, तेव्हा दुसरं तो एका कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये एकटाच ऐकतो आणि पट्टी केसभर इकडे, केसभर तिकडे करत राहतो. एकदा त्याने मला ऐकवलं होतं. आधी दोन्ही ठोके बरोबर पडतात. मग एक जण हळूच मागे राहतो, आणि दोघांची पावलं एकमेकांना अडखळायला लागतात. "हे अडखळणं गेलं पाह्यजे," काका म्हणाला. "गेलं की मंग कोनाले समजतच नाही, गाणं कधी बदललं."

शेकडो लग्नांची गाणी जुळवणाऱ्या माझ्या काकाचं स्वतःचं लग्न सदतिसाव्या वर्षापर्यंत जुळलं नव्हतं. शेतीवाल्याला मुलगी द्यायला लोक आधीच कां-कूं करतात, त्यात हा वाजवणारा. शेवटी साखरखेर्ड्याच्या माझ्या मावशीने एक स्थळ आणलं. मुलगी शिवणाचा क्लास चालवायची. पाहायला गेलो तेव्हा मीही होते. मुलीच्या चुलत्यांनी शेती किती, पाणी किती, असं सगळं विचारून घेतलं. मग ती स्वतःच म्हणाली, "दोन गाणे एका टायमाला कसे जुळवता हो तुम्ही?"

बास. काकाने चहाची बशी उपडी केली आणि चमच्याने त्यावर ठेका धरला. मग डाव्या हाताने दुसऱ्या बशीवर दुसरा. अर्धा तास तो पट्टी, टक्का, अधिक, उणे सांगत होता. चुलते तीनदा खाकरले. आई त्याच्या पायावर पाय देत होती. आणि तेवढ्यात त्या मुलीने दुसऱ्या बशीवरचा चमचा आपल्या हातात घेतला आणि काकाच्या ठेक्यात वाजवायला लागली. काकाने मुद्दाम हळू केलं. तिनेही हळू केलं. त्याने वाढवलं, तिने वाढवलं. दोघंही खाली बघत होती. परत येताना चिखली जवळ आल्यावर काका मला एवढंच म्हणाला, "म्या काहीच केलं नाही, बाई. तीच जुळली."

आठ दिवसांनी निरोप आला. मुलीचं मन होतं म्हणे, पण चुलत्यांना वाजवणारा जावई नको होता. पुढे मलकापूरच्या एका नोकरीवाल्याशी तिचं ठरलं. लग्न मुलीकडे, साखरखेर्ड्याला होतं. मुलाकडच्यांना आपला डीजे इतक्या लांब आणणं जमेना, म्हणून त्यांनी जवळपास चौकशी केली, आणि ते काम नेमकं काकाकडे आलं. आई म्हणाली, "नाही म्हण ना." काका म्हणाला, "काऊन? तारीख मोकळी हाय."

परीक्षा संपवून मी घरी आले होते. मावशीकडे जायचं निमित्त करून मीही गाडीत बसले. भर दुपारची वरात. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला देवळात गेला, तेव्हा मी काकाला पाणी द्यायला वर चढले. तो एका कानाला हेडफोन लावून पट्टीवर बोट ठेवून उभा होता. माझ्याकडे न बघता त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला. बाहेर वरातीचा दणका चालू होता आणि आत एक जुनं, संथ गाणं चाललं होतं, बाईच्या आवाजातलं. वरातीच्या दोन ठोक्यांत त्याचा एक ठोका. कुठे अडखळत नव्हतं. ते बाहेर सोडायची पट्टी पूर्ण बंद होती.

"हे कोणाचं?"

"तिचं. शिवता शिवता आयकते म्हणे. पाहाले गेलो होतो ना, तवा निघताना सांगतलं होतं."

"मग बाहेर लाव ना काका."

"याच्यावर कोनाले नाचता येत नाही," तो म्हणाला.

नवरदेव देवळातून बाहेर आला. पोरं ओरडली, "ओ डीजेवाले, झोपले का बे? वाढवा!" लग्नाची वेळ जवळ आली होती. मांडव समोरच्या वळणावर होता. मी काकाच्या बोटाकडे बघत होते. खरं सांगते, त्याने पट्टी पुढे लोटावी असं मला फार वाटत होतं. वरात रेंगाळली असती, दहा-पंधरा मिनिटं तरी. त्याने काय झालं असतं कोण जाणे, पण मला वाटत होतं. काकाने पट्टी आपल्याकडे ओढली. मलकापूरवाल्यांना बसेल इतकी, अडीच टक्के. वरात वेळेवर मांडवात पोचली. काकाने वाजवलेली वरात इतकी वेळेवर पोचलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

अक्षता पडेपर्यंत तो वायरी गुंडाळत राहिला. जेवायला थांबला नाही. परत येताना ड्रायव्हरने रेडिओ लावला, तो काकाने हात लांबवून बंद केला.

आता मी शिकायला बाहेर असते. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याचा फोन येतो. गेल्या वेळी तो जरा लाजत म्हणाला की आणखी एक स्थळ आलंय, देऊळगावकडचं, रविवारी पाहायला जायचंय, आणि कोणता शर्ट घालू? मी म्हटलं, निळा. मग मोठ्या माणसासारखं आणखी सांगितलं, "काका, तिथे त्या पट्टीचं वगैरे जास्त बोलू नको. शेतीचं बोल."

फोनमध्ये त्याच्या मागे बांधावर कुठेतरी पाण्याची मोटार चालल्याचा आवाज येत होता.

"हाव," तो म्हणाला. "पन मंग तिनं इचारलं तं?"

मी शर्टाला इस्त्री करून ठेव म्हणाले आणि फोन ठेवला. रविवार परवा आहे. आज संध्याकाळी त्याला फोन करायचा आणि सांगायचं, तिने विचारलं तर सांग, सगळं सांग. बशी उपडी करूनच सांग.